उसना वास

नातू नौदलात गेला
आणि जाताना साप माझ्याकडे ठेवून गेला.
काचेच्या पेटीत, हातभर लांब,
डुकरासारखं वर वळलेलं नाक.
"आजोबा, हा फक्त बेडूक खातो,"
एवढंच म्हणाला एर्नी, आणि बस सुटली.

हॅन्कॉकमध्ये नोव्हेंबरात बेडूक कुठून आणू?
सगळे बर्फाखाली, मातीच्या पोटात,
आमच्या तांब्याच्या खाणीत उतरलेल्यांसारखे.
फरक इतकाच, की बेडूक वसंतात वर येतात.

दुकानातली व्हर्ना म्हणाली, उंदीर द्या.
गोठवलेले, डझनावारी मिळतात,
मटारच्या पाकिटाशेजारी राहतात.
कोमट पाण्यात एक सोडला, चिमट्यात धरून नाचवला.
सापानं नाक मुरडलं.
मुळातच मुरडलेलं नाक
आणखी किती मुरडता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.
मग उताणा पडला, तोंड उघडं, जीभ बाहेर,
मेल्याचं सोंग.
मी सुलटा केला. तो पुन्हा उताणा.
मेलेल्यानं उताणंच असलं पाहिजे
या मुद्द्यावर तो ठाम होता.

पाच आठवडे असेच गेले.
सहाव्या आठवड्यात व्हर्नानं एक बेडूक दिला,
पाठभर चामखिळी, उसना.
"खायला नाही हं, रेइनो. पुसायला."

तेव्हापासून दर शनिवारी, सौना तापेपर्यंत,
लोण्याच्या रिकाम्या डब्यातून बेडूक काढायचा,
उंदीर त्याच्या पाठीवर घासायचा,
डोक्यापासून शेपटीपर्यंत, नीट.
लोक तोंडाला पानं पुसतात,
मी बेडूक पुसला.
बेडूक माझ्या तळहातावर मुतायचा.
त्याचंही बरोबरच होतं.

पहिला उंदीर गिळला तेव्हा
मी मोठ्यानं हाक मारली, "लेम्पी, बघ!"
स्वयंपाकघरात फक्त फ्रीज गुरगुरत होता.
लेम्पीला जाऊन चार वर्षं झालीत.

मग वास कमी करत आणला.
आधी सगळं अंग, मग डोकं,
मग नुसतं उंदराचं नाक, एक बोट फिरवल्यासारखं.

माझंही त्याच हिवाळ्यात चाललेलं.
डॉक्टरनं खारवलेला मासा बंद केला.
लेक सिल्विया उकडलेल्या बटाट्यांवर
बरणीतल्या पाण्याचे चार थेंब टाकायची. मग दोन.
फेब्रुवारीत विचारलं, "आज घातलंस ना?"
"हो," ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बर्फ किती साचलाय ते बघू लागली.
मी ताट संपवलं.
ब्रेडनं पुसूनसुद्धा घेतलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी
नुसता उंदीर दिला. कोरा.
सापानं जीभ दोनदा हलवली, थांबला,
माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही,
सापाच्या बघण्याचं काही सांगता येत नाही.
मग खाल्लं.

एर्नीला पत्रात लिहिलं:
खातो आता. उंदीर. फसवावं लागलं.
पुढे आणखी काहीतरी लिहिलं होतं, ते खोडलं.

व्हर्ना बेडूक परत घेईना.
म्हणून रस्त्याकडेच्या चरात, जिथं पाणी वितळून वाहत होतं,
डबा आडवा केला.
तो निघेचना.
डब्याच्या काठावर पुढचे दोन पाय टेकून बसून राहिला,
हिवाळाभर ज्याची पाठ झिजवली, तो.
मी झाकण हातात धरून उभा.
बटाटे चुलीवर होते,
पण ते काय, थांबतात.