इतर हक्क

फंडाचे पैसे हातात आले तेव्हा
मेहुण्याने डोंबिवलीत गाळा सुचवला,
बँकेतल्या मुलीने तीन रंगांत आलेख काढून दिला.
मी मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट धरली
आणि मनोरीत पावणेदोन गुंठे घेतले.
बिनशेती.
शेतकरी दाखला आमच्या घराण्यात कुणाकडेच नाही,
आम्ही भाडेपावत्या जपणारी माणसं.

निळकंठ भोपी, एजंट.
शर्ट कडक इस्त्रीचा, चपला चिखलाच्या.
"मॅडम, पूल येतोय," म्हणाला,
पाहुणे येतायत, आधण ठेवा,
असं सांगतात ना, तसं.
"पूल आला की तिप्पट."
बोटाने त्याने खाडीवर पूल काढून दाखवला.
त्याखालून एक बगळा निघून गेला.

विकणारी हिल्डा डिमेलो.
खरेदीखताला लाल चौकडीचं लुगडं नेसून आली,
मुलाने कतारहून फोनवर संमती दिली.
अंगठ्याची शाई पदराला न पुसता
भिंतीला पुसली, आणि म्हणाली,
"जागा तुजी. पन विहिरीवर मी येनार."

ते सातबाऱ्यावर होतंच.
इतर हक्क या रकान्यात, बारीक अक्षरात:
विहिरीची वाट.
वकील म्हणाला, काढून टाका, किंमत पडते.
एकतीस वर्षं मी पालिकेच्या कर खात्यात होते,
ओळीवर ओळ कशी मारतात ते मला कुणी शिकवायला नको.
तरी राहू दिली.
दया वगैरे नाही.
तलाठ्याकडे आणखी दोन खेपा पडल्या असत्या.

मग राहायला लागले.
गुंतवणुकीत राहता येतं, हे आलेखात नव्हतं.
भरतीचं वेळापत्रक दाराला चिकटवलं,
सिलिंडर बोटीतून आणताना नावाड्याशी भांडले,
घुशींनी पहिल्या वर्षी पाया पोखरला,
दुसऱ्या वर्षी मी त्यांना नावं ठेवली.
मुंबई समोरच होती,
रात्री तिचे दिवे
दुसऱ्या कुणाच्या व्याजासारखे वाढत होते.

हिल्डा रोज यायची, साडेपाचला.
तिच्या घरी नळ आला, तरी यायची.
एक बादली काढायची,
अर्धी माझ्या अबोलीला,
अर्धी घेऊन परत.
मी चहा विचारायचे, ती नको म्हणायची
आणि कठड्यावर बसून राहायची चहा येईपर्यंत.

सहाव्या वर्षी दगडांवर लाल रंगाचे आकडे उमटले.
भोपी आता गाडीतून फिरतो.
"तिप्पट, मॅडम. बोललो होतो ना?
पार्टीला पोहायचा तलाव हवाय, विहीर बुजवणार.
फक्त ती वाट.
म्हातारीची एक सही. मी बोलून ठेवलंय."

त्या संध्याकाळी मी चहात साखर विसरले.
कसं सांगायचं, याची मनात
चार प्रकारची वाक्यं लावली, चारही सरकारी.
हिल्डाने बादली ठेवली, तोंड पुसलं.
"भोपी येऊन गेला माज्याकडे," म्हणाली.
"सही करीन. धा टक्के."

मी बघतच राहिले.
"काय बगतेस? जागा इकली मी,
वाट कदी इकली?"

आणि मला हसू आवरेना.
सगळ्या गावात खरी गुंतवणूकदार ही एकच,
जी सहा वर्षं रोज साडेपाचला
आपल्या हप्त्याची बादली भरत होती.
कठड्यावर खडूने आम्ही हिशोब मांडला.
तिने कतारच्या पोराचं कर्ज वजा केलं,
मी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन,
दोघींनी मिळून भोपीची दलाली दोनदा खोडली.
शिल्लक काय राहिलं ते
पाणी सांडलं, पुसून गेलं.

करारनामा टेबलावर आहे,
उडू नये म्हणून वर पाटा ठेवलाय.
भोपीचे तीन मिस्ड कॉल.
काल पुन्हा रहाट वाजला.
मी खिडकीतूनच विचारलं, "धा ना?"
दोर सोडता सोडता ती म्हणाली,
"आज बारा."