उभी असलेली

ब्रिजपोर्टमध्ये, चर्चखालच्या हॉलात
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी टेबल मांडते.
मेलेल्या माणसांचे अल्बम, चमचे, बटणांचे डबे.
दहाला ओरेस्ट हालिक येतो,
बोटं कोटाच्या अस्तराला पुसतो
आणि विचारतो, "काही आलं?"

काही म्हणजे हेलिकॉप्टर.
जुनी, लष्कराची, पहिल्या खेपेची;
नाकाशी काचेचा फुगा,
कुणाची शेपटी कापडात गुंडाळलेली,
कुणाची नुसत्या उघड्या नळ्यांची,
माशाचा काटा चोखून ठेवावा तशी.

फोटो तो आधी पालथा घालतो.
मागं काळ्या कागदाचे पापुद्रे, डिंक,
जांभळा शिक्का, आणि पेन्सिलीत कुणीतरी लिहिलेलं:
'बसलो होतो. चालवलं नाही. आईला सांगू नकोस.'
मग सुलटा करतो.

बाकीच्या गिऱ्हाइकांना उडणारी लागतात.
पाती विरघळून धुक्याची चकती झालेली,
खाली गवत आडवं, एका मेजरची टोपी हवेत.
कोरियातलं असेल, दोन्ही अंगांना स्ट्रेचर असेल,
तर मी चाळीस डॉलर सांगते
आणि ते घासाघीस न करता देतात.

ओरेस्टला उभी हवीत.
बंद पडलेली, ताडपत्रीखालची,
शेडमध्ये कोपऱ्यात ढकललेली.
दोन डॉलरला तीन.
कवडीचुंबक आहे, असं मी बहिणीला सांगितलंही होतं.

फेब्रुवारीत बर्फ पडलं, हॉलात आम्ही दोघंच.
कॉफीचा कप हातात फिरवत म्हणाला,
माझी आई, पारास्का,
युद्धाच्या दिवसांत कारखान्यात पात्यांना कापड शिवायची.
आत लाकडाच्या फासळ्या, वर कापड, त्यावर रोगण.
उडायचं झालं तरी शिंपीण लागतेच की.
टोकाशी शेवटचा टाका ती उलटा घ्यायची.
मुकादम ओरडायचा.
ती म्हणायची, आमच्याकडं गोधडीला असाच घेतात,
कुणाची गोधडी उसवलीय दाखव.

कारखान्यात तिचा फोटो कुणी काढला नाही.
कॅमेरे फाटकावरच काढून घेत.

"रोगणाखाली टाका दिसणार कसा?" मी.
"गाठ फुगते," तो. "पण पातं थांबलेलं पाहिजे."

त्या दिवसापासून माझ्या गल्ल्यात भिंग असतं.
उभी असलेली मी आधीच बाजूला काढते,
नि सगळ्यांत आधी टोकं बघते.
डोळे दुखतात. बहीण हसते.

गेल्या महिन्यात स्ट्रॅटफर्डच्या एका घरातून
बुटांचं खोकं आलं.
त्यात एक:
तिरपं ऊन, पात्यावरची शीण अन् शीण उठून दिसतेय,
टेकून उभा एक पोरगेला शिपाई
नासपती खातोय,
आणि पातं त्याच्या डोक्यावरून लांबत लांबत
टोकाच्या वीतभर आधी
चौकट संपते.
काढणाऱ्यानं कॅमेरा खाली झुकवला होता
पोराचे बूट मावावेत म्हणून.

ओरेस्टनं भिंग घेतलं नाही.
उजेडाकडं धरून कितीतरी वेळ बघत राहिला,
जणू कागद थोडा ओढला तर पुढचं निघेल.
मी म्हटलं, राहू दे, पैसे नकोत.
त्यानं नेहमीसारखे दोन डॉलर सपाट करून ठेवले
आणि म्हणाला,
"बूट मात्र चांगले आहेत."