सायकल खोलीत ठेवता येईल का

वीजबिलाच्या कोऱ्या बाजूवर
हेरंबने काढलीय माळव्याची कड:
एक जाड रेघ, मध्येच थरथरलेली,
आणि तिच्याखाली नुसतं ‘निमाड’.
रामबागेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर
मीठदाणी म्हणजे महू,
लोणच्याची बरणी जाम गेट,
आणि जिथून पुढे सगळं खालीच जातं
तिथे टेबल संपतं.

डांबरी घाटाने जायचं नाही, एवढं ठरलंय.
बरणीच्या डावीकडून बैलांची जुनी वाट उतरते म्हणे,
आधी साग, मग सुटे दगड, मग नाला.
म्हणे, कारण पाहिलीय कुणीच नाही.
सियागंजच्या मुर्तझाभाईंनी
माझा मागचा डिस्क ब्रेक बदलला, हात पुसले,
आणि म्हणाले, “बैल को चार पैर होते हैं, दीदी.”
वर दोन ट्यूब जास्तीच्या दिल्या.

सोयाबीन कापून झालंय.
शेतांत खुंट उभे आहेत, खिळ्यांना लाजवतील असे.
आणि अवकाळी एक जरी सर आली
तरी काळी माती चाकावर भाकरीसारखी थापली जाते;
मग सायकल तुम्हाला नेत नाही,
तुम्ही सायकलला नेता.
हेही वहीत लिहून ठेवलंय.
अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली,
वहीत नोंदल्याशिवाय मला उतारसुद्धा खरा वाटत नाही.

मग फोन.
महेश्वरच्या पहिल्या लॉजवाल्याला विचारलं,
सायकल खोलीत ठेवता येईल का?
त्याने विचारलं, लहान मुलं आहेत का बरोबर?
नाही हो, आम्ही दोघंच, बहीण-भाऊ.
मी एकावन्न, तो सत्तेचाळीस.
नंतर बराच वेळ तिकडून फक्त पंखा ऐकू आला.
दुसरा म्हणाला, जिन्याखाली ठेवा,
कुणी हात लावत नाही, तिथे कुत्री झोपतात.
तिसऱ्याने पार्किंगचे वेगळे सांगितले:
दोन सायकली, चार चाकं, म्हणजे मोटारच झाली.
हेरंब हसून हसून खुर्चीवरून घसरला.
मला मात्र त्या हिशेबात चूक सापडेना.

शेवटी मिळाले गेंदालाल पाटीदार,
मंडलेश्वरच्या अलीकडे, मिरचीच्या शेतात दोन खोल्या.
“ले आओ. आप खाट पे, साइकिल दूसरी खाट पे.”
चिखल धुवायला बोअरची नळी आहे,
हवा भरायला ट्रॅक्टरवाला पंप,
जेवायला तुरीची डाळ, ज्वारीची भाकरी, आणि मिरची, अर्थात.
मी दर विचारला.
ते म्हणाले, आधी पोहोचा तर खरं.

रात्री झोप येईना.
खाली जायची रेघ आहे कागदावर,
वर यायची कुणी काढलीच नाही.
मी विचारलं होतं तेव्हा हेरंब म्हणाला,
“पॅडल मारतच यायचं! नाहीतर जायचं कशाला?”
माझा डावा गुडघा हे ऐकत होता.

गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन
मी हळूच गेंदालालना पुन्हा लावला फोन.
ते जागेच होते, पाणी सोडत होते शेताला.
म्हणाले, दूधगाडी जाते ना साडेचारला, थेट महूपर्यंत;
कॅन एका बाजूला सरकवले
की दोन सायकली आडव्या सहज मावतात.
मग जरा थांबले.
“अभी नौ बजे एक भाई साब ने भी यही पूछा था.
इंदौर के ही थे.
बोले, मेरी बहन को मत बताना.”

सकाळी हेरंब चहाआधीच टेबलावर,
लाल पेनने वर यायची रेघ काढतोय,
बाण मोठा, आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘पॅडल’.
“जमेल ना?” म्हणाला, मान वर न करता.
जमेल की, म्हटलं,
आणि जाम गेट उचलून
कपाटात ठेवून दिलं.