पाठीचं विचारलं डोळ्याच्या डॉक्टरनं

नंदुरबारच्या पथारीवर डोळे लाल असणं
ही काही सांगायची गोष्ट नाही.
पौषात मिरची नजर पोचेल तिथवर पसरलेली,
वारा सुटला की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा शिंकतं.
मी मापाडी. काट्यापाशी उभा.
लाभ, दोन, तीन म्हणत पोती मोजायची,
रुमालानं नाक पुसायचं.

म्हणून डावा डोळा लाल झाला तेव्हा
धुडकू म्हणाला, पाणी मार.
माय म्हणाली, तुना डोयाले नजर लागनी.
सुमनने दुधाची घडी ठेवली रात्रभर.
कुणालाच विचारावंसं वाटलं नाही
की मिरची उडाली, तर एकाच डोळ्यात कशी.

तिसऱ्या दिवशी मोबाइलचा उजेडही कपाळात ठणकायला लागला.
काट्यावरचे आकडे विरघळले.
एक्केचाळीस की सत्तेचाळीस,
व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं.

स्टेशन रोडच्या डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायला लावली,
आडवा उजेड टाकला,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
सकाळी उठताना कंबर आखडते का?

मी हसलो. बाई, डोळा दाखवायला आलोय.
त्या हसल्या नाहीत.
पहाटे तीनला जाग येते?
कूस बदलायला खाटेची पाटी धरावी लागते?
बसलात की वाढतं, चाललात की उतरतं?

आता हे यांना कुणी सांगितलं!

बारा वर्षं.
हमालीपासूनची पाठ, म्हणून पोत्यावर आळ घेतला होता,
पोत्यानेही तो मुकाट सोसला.
टाच दुखायची, पहिलं पाऊल खडीवर पडल्यासारखं,
तर मी चपला बदलल्या, तीन जोड.
पोट बिघडायचं, ती शेवभाजी.
श्वास पुरता भरायचा नाही, ती मिरचीच, दुसरं काय.
प्रत्येक दुखण्याला वेगळा आरोपी,
वेगळी फिर्याद, वेगळा दवाखाना.
आणि जो तो सांगायचा, आराम कर.
आराम हीच तर त्याची जेवायची वेळ.

सुरतेला पॅसेंजरने गेलो.
तिथल्या डॉक्टरने छातीला टेप गुंडाळली, शिंप्यासारखी.
श्वास घ्या. सोडा. परत घ्या.
जन्मभर दुसऱ्याचं माप केलेला मी,
माझं निघालं दोन सेंटिमीटर.
बरगडी जिथे मणक्याला भेटते
तिथलाही सांधा सुजतो, म्हणाले.
हृदयाच्या झडपा एकदा बघून घेऊ.
रक्तातल्या एका खुणेचं नाव सांगितलं,
दोन-चार अक्षरं आणि आकडा,
व्यापारी पोत्यावर मार्का टाकतात तसं.
शरीराचे राखणदारच, म्हणे,
कधी कधी आपलं शेत ओळखत नाहीत.

मी विचारलं, मग डोळ्यात कसा आला तो?
ते म्हणाले, तो आलेला नाही,
तो सगळीकडे होताच.
तुम्हाला दिसला डोळ्यातून.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता.
थेंबांनी डावी बाहुली बटणाएवढी केलेली,
अख्खी पथारी एका बाजूला पसरट, लाल, कडा नसलेली.
माय खुडायला बसली होती, डेखांच्या ढिगापाशी,
चाळीस वर्षं बसते तशी,
मान वळवायची तर सगळं अंगच वळवून.

ती माझ्याकडे वळली.
तिचा उजवा डोळा मी रोज बघतो.
आज बघितला.
बाहुली गोल नव्हती,
कुठे कुठे चिकटून वाकडी झालेली,
कुरतडलेल्या पानासारखी.
लहानपणापासून ऐकत आलोय:
डोयामा मिरची गयी व्हती, तू पोटमा व्हता तवय.

शेजारी उकिडवा बसलो, जमेल तेवढा.
माय, सकायले उठताना तुनी कंबर आखडस का?

तिने एक मिरची उचलली,
देठ मोडला, टोपलीत टाकली.

कोनी नही आखडस?