वास्तूला मराठी येत नाही

मॉरीन नर्स आली, पाय पुसून आत आली,
चहा नको म्हणाली, मग दोन कप प्याली,
आणि याच टेबलावर, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी
तिनं ते फॉर्म ठेवले.

हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायचं का,
तिनं विचारलं.
हे म्हणाले, नो, थँक यू.
इंग्रजीत. इतकं सहज,
की मला वाटलं, बिस्किटालाच नको म्हणाले.

ती गेल्यावर मी तेच मराठीत विचारलं
तर उठून खिडकीशी गेले.
"तिन्हीसांजेचं असलं बोलू नये.
वास्तू तथास्तु म्हणते."

कुठली वास्तू हो?
हलमधलं हे विटांचं घर, एकोणीसशे एकतीसचं,
बोटीवर मासे मारणाऱ्या कुणासाठी बांधलेलं.
भिंत खरवडली तर अजून त्याच्या बायकोचा
गुलाबी वॉलपेपर निघतो.
हिला काय कळणार मराठी?
एक्कावन्न वर्षं भांडतोय आपण हिच्यासमोर,
'मसणात जा' मीच तुम्हाला किती वेळा म्हटलं.
गेलात कधी?

हसले. खोकला आला.
ऑक्सिजनची नळी सरळ केली, आणि बसले.

आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही.
गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली,
सगळे दुसऱ्याच्या मापाचे, भूतकाळातले.
'मी मरेन तेव्हा' हे एवढंसं भविष्यकाळी वाक्य
शाळेत कुणी चालवून घेतलं नव्हतं.

मी पेन उघडलं. नाव लिहिलं. श्रीपाद.
लग्नात उखाण्यात घेतलं होतं, यमक कसंबसं जुळवून.
मग इथे फोनवर, गॅस कंपनीला, हॉस्पिटलला,
एस फॉर शुगर, एच फॉर हाउस,
इतकं सुटं सुटं करून घेतलं
की आज सलग लिहिताना हात अडला.

बोला, म्हटलं.

छातीवर दाबू द्यायचं नाही. बरं.
हॉस्पिटल नको. हीच खोली, पण पलंग फिरवून,
तुझा शिलाईचा दिवा दिसला पाहिजे.
गौतमीला लगेच कळव, रात्र असली तरी.
"आई गेल्याचं मला अकराव्या दिवशी कळलं,
निळ्या एअरमेलनं.
त्या अकरा दिवसांत मी दोन सिनेमे पाहिले होते."
हे लग्नाआधीचं.
मला आज सांगितलं.

तोंडात गंगा?
कपाटातली लोटी मी कानाशी हलवली.
सीलबंद, अठ्ठ्याऐंशी साली आणलेली.
आत काही वाजेना.
"नळाचं चालेल," म्हणाले, "बिल मीच भरलंय."

राख?
मला वाटलं वाई म्हणतील, कृष्णा.
"तिकडे आता कोण ओळखतंय.
हंबरमध्ये सोडा. पण ओहोटी बघून,
नाहीतर परत घरी येईन."
आणि निळा बिन एक गुरुवार सोडून एक.
हेही लिही.
फॉर्ममध्ये जागा नव्हती. समासात लिहिलं.

अँब्युलन्सवाल्यांना सापडावा म्हणून
कागद गुंडाळून प्लॅस्टिकच्या बाटलीत घातला,
बाटली फ्रिजच्या दारात,
लिंबाच्या लोणच्याला टेकून.
दार लावलं आणि सुटल्यासारखं वाटलं.

वळले तर ह्यांनी चष्मा लावलेला,
दुसरा कोरा फॉर्म पुढ्यात ओढलेला.

"तुझं काय?"

मी काहीच बोलले नाही.
"बोल ना. वास्तूला मराठी येत नाही म्हणालीस."

भिंतीतले पाइप सातला ठकठकले, रोजच्यासारखे.
मी कोथिंबीर जवळ घेतली.
एवढी जुडी निवडून होऊ दे, म्हटलं, मग सांगते.

मोठी होती जुडी.