भरती लागली काय घराक ये

हॉटेलच्या मागे निळ्या टाइल्सचा तलाव आहे,
समुद्रापासून चारशे पावलांवर.
तिथे माझी स्वरांगी पोहायला शिकते,
मंगळवार-शुक्रवार, पाच ते पावणेसहा.
दंडांना फुगे, डोळ्यांवर चष्मा, रबरी टोपी,
आणि काठावर प्लास्टिकच्या खुर्च्यांत
नऊ मुलांच्या आम्ही नऊ आया,
मांडीवर टॉवेल घेऊन.
पाण्याला औषधाचा वास.
लाट आलीच तर कुणीतरी उडी मारल्याची.

मला पोहायला कुणी शिकवलं नाही.
तळाशीलच्या धक्क्यावरून दिग्याने ढकललं,
मागोमाग स्वतः उडी घेतली आणि ओरडला,
"हात मार गो, नायतर गीळ!"
मी दोन्ही केलं.

घरात घड्याळ होतं, ते बाबांच्या गोळ्यांसाठी.
आमची वेळ खाडी सांगायची.
आई दारात सुंगटं सोलत बसलेली,
मान वर न करता म्हणायची,
भरती लागली काय घराक ये.
कुठे, कुणाबरोबर, काय खाल्लंस,
हे विचारायला तिला सवड नव्हती.
मला वाटायचं, हा विश्वास आहे.

सुकतीला खाडी पोट उघडं टाकून निजायची.
आम्ही पोटरीभर चिखलात टाचांनी मुळे चाचपायचो.
टणक लागलं की वाकायचं, परकराच्या ओच्यात टाकायचं.
कालवाच्या धारेने तळवा फाटला तर
थुंकी लावायची, पुढे चालायचं.
नारबा तारी फुकटात पलीकडे सोडायचा,
करवंटीने होडीतलं पाणी उपसायच्या बोलीवर.
पलीकडे काय होतं?
काहीच नाही. म्हणून तर जायचो.

हे मी स्वरांगीला रात्री सांगते, गोष्ट म्हणून.
ती विचारते, "दिग्या आता कुठे असतो?"
मी म्हणते, झोप.

दिग्या अजून अकरा वर्षांचाच आहे.
त्या दिवशी भरती लागली आणि मी घरी आले.
त्याची पाटी भरायची राहिली होती.
तिन्हीसांजेला सगळ्या आया धक्क्यावर, हातात कंदील.
त्यांना इतक्या मोठ्याने हाका मारता येतात
हे मला तेव्हा कळलं.

तीन दिवस आईने मला उंबऱ्याबाहेर सोडलं नाही.
चौथ्या दिवशी सुंगटं सोलता सोलता म्हणाली,
भरती लागली काय...
आणि वाक्य तिथेच ठेवलं.
मी गेले.
तिने ते कसं म्हटलं असेल,
हे आता, तिच्या त्या वयाची झाल्यावर,
मला रोज विचारावंसं वाटतं,
आणि विचारायला ती नाही.

माझ्याकडे फोनात एक ठिपका आहे.
मुलीच्या मनगटावरचं घड्याळ तो पाठवतं.
शाळा, रिक्षा, क्लास, जिना.
ठिपका हलला की मी श्वास सोडते,
थांबला की धरते.
दिवसभर असंच चालतं. याला मी सांभाळणं म्हणते.

मे महिन्यात भावाकडे तळाशीलला गेलो.
दुपारी सुकती लागली. स्वरांगी म्हणाली, "जाऊ?"
नको म्हणायला तोंड उघडलं,
तोवर ती पायऱ्या उतरली होती.

फोन काढला.
ठिपका खाडीच्या मधोमध, निळ्या पाण्यात.
नकाशाला सुकती ठाऊक नाही.
मान वर केली तर माझी मुलगी
घोट्याएवढ्या पाण्यात,
फ्रॉकचा ओचा धरून,
टाचेने काहीतरी चाचपत होती.
हे तिला मी शिकवलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त.

मी ओरडले, भरती लागली काय घराक ये!
आवाज माझा होता की आईचा, कोण जाणे.
तिने तिकडून विचारलं,
"लागली हे कसं कळतं?"

आता हे कसं सांगायचं.
म्हटलं, पायाला गार लागतं. आधी एका, मग दुसऱ्या.
ती थांबली. खाली बघत राहिली, बराच वेळ.
मी पायरीवर, फोन मुठीत उलटा.

"अजून गरमच आहे!"