दहा किलोच्या आतलं

जालन्याच्या एमआयडीसीत, शेवटच्या वळणाला,
साठ टनांचा काटा माझ्या खिडकीखाली.
एकवीस वर्षं मी ट्रक जोखतोय :
भंगार आत जाताना, सळई बाहेर येताना.
क्लीनर टपावर झोपून राहिला तरी ओळखतो.
पण दहा किलोच्या आतलं
आमच्या काट्याला दिसत नाही.
कावळा बसला, उडाला,
आकडा तोच.

पहाटे साडेपाचला मी निशातच्या हाताखाली असतो.
बंद पडलेलं जिनिंग, वर पत्रा,
भिंतीतून अजून सरकीचा वास,
आणि गावातल्याच फाउंड्रीत ओतलेल्या चकत्या.
वीस लिहिलंय म्हणून वीस भरेलच असं नाही.
तिनं एकेक चकती किराणा दुकानात नेऊन जोखली,
खडूनं खरं वजन लिहिलं :
एकोणीस सातशे. वीस दोनशे.
तिथंच माझा तिच्यावर भरवसा बसला.

पहिल्या दिवशी मी छाती काढून सांगितलं,
तालमीत पाचशे बैठका मारायचो.
"कधी?"
एकोणनव्वद साली.
"आणि गुडघे?"
तेही तेव्हाचेच.
ती हसली नाही.
जिना चढताना दुखतं का उतरताना,
एवढंच विचारलं.
उतरताना.
मग तिनं रिकामी दांडीसुद्धा हातात दिली नाही.

बियाण्याचं क्रेट उलटं ठेवलं, त्यावर घडी घातलेली दोन पोती.
"बसा. टेकलं की उठा. आदळायचं नाही काका,
खाली अंडी आहेत समजा."
छातीशी आठ किलोचा डंबेल,
पाहुण्याचं लेकरू धरावं तसा.
तीन आठवड्यांनी एक पोतं काढलं,
पुढच्या महिन्यात दुसरं.
आमच्याकडं विहीर अशीच खाली जाते,
हातभर, कधी चार बोटं,
कधी खडक लागला म्हणून आठवडाभर काहीच नाही.

मग दांडी आली.
मानेमागं घेतली तर डावा खांदा ओरडला,
खिडकीतून पावत्या देऊन देऊन आखडलेला.
"मग पुढं घ्या."
पुढं घेतली तर मनगटं.
तिनं दांडीला दोन पट्टे बांधले, कासऱ्यासारखे,
ते धरून उभा राहिलो.
टाचांखाली फळी ठेवून पाहिली,
गुडघा करकरला.
फळी गेली, क्रेट परत आलं.
मला वाटलं, नापास झालो.
ती वहीत लिहीत होती : क्रेट, पुढून, पट्टे. बरं.

सोमवारी जड, पाचाचे तीन.
बुधवारी हलकं पण सावकाश,
तीन मोजत खाली, एक श्वास थांबून वर.
शुक्रवारी मधलं.
दुखणं दहात तीनपर्यंत असू दे,
पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं दिसलं
तर मला फसवू नका, म्हणाली.
मी दोनदा फसवलं. दोन्हीदा तिनं चालीवरून ओळखलं.

चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं.
यावर मी भांडलो.
आत्ता कुठं अंगात आलंय आणि निम्मं?
"काका, तुमच्या काट्यावर भरलेलाच ट्रक येतो का?
रिकामापण जोखता ना?"
जोखतो. आधी रिकामा.
त्याशिवाय मालाचा हिशेब लागत नाही.
पुढं बोललो नाही.

या सोमवारी तिनं सव्वा-सव्वाच्या दोन चकत्या चढवल्या.
अडीच किलो.
साठ टनांच्या काट्याला जे कधीच कळणार नाही
ते माझ्या मांडीला पहिल्या बैठकीतच कळलं.
चौथीला कळलं नाही, नुसतं मोजत होतो.
पाचवीला क्रेट मागं लागलं, हललं,
आणि मी वर होतो.

दुपारी केबिनच्या नऊ पायऱ्या उतरलो,
कोरा पावतीबुक घेऊन, दोन्ही हात अडकलेले.
खाली बिडी पीत बसलेला ड्रायव्हर म्हणाला,
"काय लिंबाजीकाका, आज कठडा धरला नाही?
तापलाय काय?"
म्हणलं, हाव.
लई तापलाय.